बाई, हप्ता चुकला तर?

*पत्राचा सारांश: पत्रलेखिका नववीच्या वर्गाला समाजशास्त्र शिकवतात. मुलांनी मिळून थोडे पैसे जमवायचे आणि एका ऑनलाइन मंचावरून दूरच्या देशातल्या एखाद्या छोट्या व्यावसायिकाला कर्जाऊ द्यायचे, फिटले की पुन्हा दुसऱ्याला द्यायचे, असा उपक्रम त्यांनी यंदा काढला. मुलं रंगून गेली. पडद्यावर कर्जदारांचे फोटो आणि त्यांच्या गोष्टी, मग मतदान. शिवणयंत्रासाठी कर्ज मागणाऱ्या एक बाई सर्वाधिक मतांनी निवडून आल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांचा हप्ता चुकला तर गटातल्या बायका त्यांच्या घरी जातात का?" पत्रलेखिका म्हणाल्या, "नाही गं, हे तसलं कर्ज नाही." वर्ग हसला, मुलगी गप्प झाली. तिची आई स्वतः गटाचं कर्ज फेडते आहे, हे नंतर कळलं. आता उपक्रम बंद करावा का? चालू ठेवला तर त्या आईला वर्गात बोलावून अनुभव सांगायची विनंती करावी का? पुढच्या खेपेला एखाद्या विद्यार्थ्याच्या फीसाठी कर्ज द्यावं असं मुलांना वाटतं, ते योग्य होईल का? मुख्याध्यापकांना मुलांच्या हाती भला मोठा धनादेश असलेला फोटो हवा आहे. आणि गणिताचे सर म्हणतात, "हे दान नाही, कर्ज आहे. दोघांचाही मान राहतो. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका."*

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात उपक्रमाबद्दल दोन पानं आहेत आणि त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल चार ओळी. पण तुम्हाला पत्र लिहायला बसवलं ते त्या चार ओळींनीच, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही तिला दिलेलं उत्तर चुकलं. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं, आणि तसं वाटावं अशीच त्या मंचांची मांडणी असते. इकडे पैसे देणारे तुम्ही, तिकडे हसऱ्या चेहऱ्याची कर्जदार, मध्ये फक्त एक बटण. तुम्ही मंचाचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून यातल्या सर्वांत परिचित नावावरून सांगते. 'किवा' (आपल्या 'किंवा'शी याचा संबंध नाही) २००५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे अगदी थोड्या डॉलरपासून कर्ज देता येतं आणि देणाऱ्याला व्याज मिळत नाही. यावरून पुष्कळांची समजूत होते की घेणाऱ्यालाही व्याज पडत नसेल. तसं नसतं. बहुतेक कर्जांच्या मध्ये त्या त्या देशातली एखादी वित्तसंस्था उभी असते. कर्ज ती देते, व्याज ती लावते, वसुलीला तिचा माणूस जातो. बऱ्याच ठिकाणी कर्ज गटावर असतं आणि एकीचा हप्ता अडला की बाकीच्यांकडे बघितलं जातं. तुमची विद्यार्थिनी नेमकं हेच विचारत होती. त्या दिवशी वर्गात या विषयातली जाणकार एकच व्यक्ती होती, ती मागच्या बाकावर बसली होती.

आणखी एक गोष्ट, तुमच्या मतदानाबद्दल. अशा मंचांवर फोटो झळकतो त्याआधीच कर्ज बहुतेक वेळा दिलेलं असतं. स्थानिक संस्था आधी पैसे देते, मग माहिती चढवते, आणि तुमच्याकडून आलेल्या पैशांनी आपली तिजोरी भरून काढते. २००९ साली डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने हे उघडपणे लिहिलं, तेव्हा किवाने आपल्या कामाचं वर्णन अधिक स्पष्ट करून घेतलं. म्हणजे वर्गाने ज्या बाईंना निवडून दिलं, त्यांचं शिवणयंत्र एव्हाना खडखडायला लागलंही असेल. यात फसवणूक नाही. तुमचे पैसे संस्थेकडे पोचले की तिला पुढच्या कोणाला तरी कर्ज देता येतं. पण मग ते मतदान कशावर झालं? कोणाचा चेहरा आवडला, कोणाची गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी होती, यावर. मी स्वतः हे केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मंचावर मी अर्धा तास फोटो चाळत बसले होते, आणि शेवटी जिला निवडलं ती माझ्या मावशीसारखी दिसत होती. व्याज किती, हे बघायचं मला सुचलंही नाही.

आता गणिताच्या सरांकडे वळू. "दान नाही, कर्ज आहे" हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७६ साली बांगलादेशातल्या जोबरा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर स्वतःच्या खिशातून दिले, तेव्हा त्यांना दिसलं होतं की ही माणसं आळशी नाहीत, सावकाराच्या कचाट्यात आहेत. त्यातून १९८३ साली गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आणि छोटं कर्ज म्हणजे गरिबीवरचं औषध अशी हवा जगभर झाली. पुढे अभ्यासकांनी मोजमाप सुरू केलं. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले काटेकोर प्रयोग २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. सार असं निघालं की काहींना थोडा फायदा होतो, धंदा करण्याचं स्वातंत्र्य वाढतं, पण सरासरी कुटुंबाचं आयुष्य पालटत नाही. मुलांच्या शिक्षणावर घरं जास्त खर्च करू लागली, असंही ठळकपणे दिसलं नाही.

त्यातला बोस्नियाचा निष्कर्ष सरांना जरूर वाचून दाखवा. कर्ज मिळालेल्या घरांत १६ ते १९ वयाची मुलं घरच्या धंद्यात जास्त काम करू लागली. साहजिकच आहे. कर्जातून यंत्र आलं, माल आला, तर तो सांभाळायला पगारी माणूस परवडत नाही, घरातलं मूल परवडतं. तुमचे विद्यार्थी अजून दोन वर्षांनी त्याच वयाचे होतील. कर्ज घेतल्याने आईचा मान वाढतो की मुलाचा अभ्यास बुडतो, हे घरागणिक वेगळं असतं, आणि एकाच घरात दोन्ही होऊ शकतं. मान राहतो की नाही हे कर्ज देणाऱ्याने ठरवायचं नसतं, एवढं मात्र मी सरांना नक्की ऐकवेन.

तरीही उपक्रम बंद करा असं मी म्हणणार नाही. चुकीच्या टोकाकडून सुरू झालेलं काम उलटं फिरवून घ्या, एवढंच. मुलं आधी सावकाराच्या खुर्चीत बसली. त्यांना काही आठवडे कर्जदाराच्या वहीत बसवा.

याची सुरुवात सरांच्या तासाला होऊ शकते. एक सोपं गणित देते. कोणीतरी १,२०० चं कर्ज बारा महिन्यांसाठी घेतलं. संस्था म्हणते व्याज वर्षाला १२ टक्के. तेव्हा व्याज झालं १४४, एकूण १,३४४, महिन्याला ११२ चा हप्ता. मुलं म्हणतील, बरोबर आहे की. आता त्यांना फळ्यावर दर महिन्याची शिल्लक मुद्दल लिहायला सांगा: पहिल्या महिन्यात १,२००, दुसऱ्यात १,१००, असं करत शेवटच्या महिन्यात १००. तिच्याकडे वर्षभर १,२०० नव्हतेच. सरासरी काढली तर ६५० येतात. ६५० वर १४४ म्हणजे सुमारे २२ टक्के. जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट! यात कुठेही लबाडी नाही, फक्त व्याज मूळ रकमेवर धरायचं की उरलेल्या रकमेवर, एवढाच फरक. त्यात सुरुवातीला २४ प्रक्रिया शुल्क म्हणून कापून घेतले तर तिच्या हातात आले १,१७६ आणि हप्ते मात्र १,२०० च्या हिशेबानेच. हे गणित सुटलं की मुलं पुन्हा कधी "व्याज किती?" एवढंच विचारून थांबणार नाहीत, ती "कशावर?" हेही विचारतील. त्यांच्या घरी उद्या फोन, दुचाकी, काहीही हप्त्यावर येवो, हा प्रश्न उपयोगी पडेल.

मग मंचावर परत जा, पण फोटोंच्या पानावर नाही. किवासारख्या ठिकाणी प्रत्येक भागीदार संस्थेचं वेगळं पान असतं. कर्जदाराला सरासरी किती खर्च येतो, किती कर्ज थकलं, ते तिथे दिलेलं असतं. मुलांना दोन-तीन संस्था समोरासमोर ठेवून बघू द्या. दर जास्त दिसला की लगेच "लुटारू" म्हणून मोकळी होतील, तेव्हा थांबवा. लहान कर्ज घरोघर जाऊन देणं आणि वसूल करणं महागच असतं. शंभर लहान कर्जांमागची पायपीट एका मोठ्या कर्जापेक्षा कितीतरी जास्त. तरीही कुठे दर खर्चाला धरून आहे आणि कुठे फुगवलेला आहे, यावर वाद होऊ द्या. खरं मतदान घ्यायचं तर ते यावर घ्या.

एक खेळही सुचवते. पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येकाला कागदी पैशांचं कर्ज, दहा आठवड्यांचे हप्ते, आणि दर आठवड्याला डब्यातून एक चिठ्ठी. काही चिठ्ठ्यांवर "सगळं सुरळीत", काहींवर "गिऱ्हाईकाने पैसे थकवले", काहींवर "घरात आजारपण". एकाचा हप्ता चुकला तर बाकी चौघांनी भरायचा, नाही तर गटाला पुढचं कर्ज नाही. मी हा खेळ मोठ्या माणसांबरोबर खेळले आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत हसणं संपतं. कोणीतरी म्हणतं, "तू आधी सांगायचं होतंस ना." कोणी गुपचूप दुसऱ्याचा हप्ता भरून टाकतं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याच हाताला वाईट चिठ्ठी लागते. नंतर त्यांना हेही सांगा की फिलिपिन्समधल्या एका बँकेत झेवियर जिने आणि डीन कार्लन या अर्थतज्ज्ञांनी काही गटांची सामाईक जबाबदारी काढून टाकून पाहिली, तर बुडीत कर्जं वाढली नाहीत. शेजारणीला शेजारणीच्या दारात उभं करायची गरज होती का, हा प्रश्न मग मुलंच विचारतील.

विद्यार्थ्याच्या फीसाठी कर्ज द्यायची मुलांची इच्छा मला आवडली, पण तिथे जास्त सावध राहा. छोट्या कर्जाचा साचा व्यापारासाठी बनलेला आहे: आज माल घ्या, आठवड्याभरात विका, लगेच हप्ता सुरू. शिक्षणाचं पीक तीन-चार वर्षांनी येतं. तोवर हप्ता कोण भरणार? आई, दुसऱ्याच कुठल्या कमाईतून. पहिल्या हप्त्याआधीची सवलत किती महत्त्वाची असते, हे कोलकात्यातल्या एका प्रयोगात दिसलं. तिथे काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू केला. त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले, पुढे नफाही जास्त झाला, पण कर्ज बुडण्याचं प्रमाणही वाढलं. दोन महिन्यांनी जर एवढा फरक पडतो, तर पदवीला लागणाऱ्या वर्षांचा विचार करा. बांगलादेशातल्या त्या ग्रामीण बँकेनेही उच्च शिक्षणाचं कर्ज वेगळं ठेवलं. धंद्याच्या कर्जाला २० टक्के, घराला ८ आणि विद्यार्थ्याला ५ टक्के, असे अनेक वर्षं तिचे जाहीर दर होते. तेव्हा वर्गाला शिक्षणासाठी कर्ज द्यायचंच असेल तर तीन गोष्टी तपासा: हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो का, शिक्षण अर्धवट सुटलं तर काय, आणि सही कोणाची आहे, विद्यार्थ्याची की आईची. यातल्या एकाचंही उत्तर सापडलं नाही तर ते कर्ज सोडून द्या. त्या पैशांतून कोणाची तरी फी सरळ भरा, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. काही ठिकाणी दानच जास्त सभ्य असतं, सरांना आवडो न आवडो.

आता त्या आईला वर्गात बोलावण्याबद्दल. नको, ताई. तुमचा हेतू चांगला आहे, तिला तज्ज्ञ म्हणून मान द्यायचा आहे. पण मुलीने प्रश्न विचारला तो कर्जाबद्दल होता, तिने "माझ्या आईला" असं म्हटलं नव्हतं. तिने जे झाकून ठेवलं ते तुम्ही तीस मुलांसमोर उघडायला निघालात. आई "हो" म्हणेल, कारण मुलीच्या बाईंना नाही कसं म्हणायचं? आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती मुलगी "कर्जवाल्यांची" होईल. पडद्यावरच्या शिवणयंत्रवाल्या बाईंचं जे झालं तेच इथेही होईल, फक्त या बाई समोर बसलेल्या असतील. अनुभव ऐकवायचाच असेल तर कोणत्याही मुलाशी नातं नसलेली, स्वतःहून बोलायला तयार असलेली एखादी कर्जदार बोलवा. सोबत वसुलीचं काम करणारा एखादा माणूसही बोलवा. त्याच्यावरही वरून आकड्यांचा दट्ट्या असतो, आणि त्याची बाजू मुलांनी सहसा ऐकलेली नसते.

पैसे जमवण्याच्या पद्धतीकडे एकदा बघा. कोणी किती दिले याची यादी फळ्यावर असेल तर आजच पुसून टाका. बंद डबा ठेवा. न देणाऱ्यालाही चर्चेत आणि मतदानात तितकाच हक्क. खातं कोणा मोठ्या माणसाच्या नावावर असणार, तर ते कोणाचं, त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे आहे, आणि तुमची बदली झाली तर काय, हे कागदावर लिहून शाळेत ठेवा. परतफेड तुकड्यातुकड्यांनी येते, तोवर ही मुलं शाळा सोडून जातील. पैसा पुढच्या वर्गाचा, हे आत्ताच ठरवा. आणि तो सगळा परत येईलच असं मुलांना सांगू नका. चलनाचा भाव पडतो, संस्था बुडते, माणसं आजारी पडतात. एखादं कर्ज बुडालं तर तेवढा तास तुम्हाला शिकवायला आयता मिळेल.

फोटोचा प्रश्न सोपा आहे. मुख्याध्यापकांना सांगा की फोटो काढू, पण धनादेश नको. फळ्यावर १,२०० पासून १०० पर्यंत उतरत गेलेली ती रांग आणि खडू हातात घेतलेली मुलं, असा फोटो चालेल का? पालकांना दाखवायला तोच जास्त शोभेल. हट्टच धरला तर धनादेशावर कर्जदार बाईंचं नाव आणि चेहरा नको, एवढी तडजोड पुरे.

राहिली ती मुलगी. तिला बाजूला घेऊन तिच्या घरचं विचारू नका, सहानुभूतीही दाखवू नका. पुढच्या तासाला सगळ्या वर्गासमोर, हजेरी झाल्यावर, म्हणा: "मागे इथे एक प्रश्न आला होता, हप्ता चुकला तर गटातल्या बायका घरी जातात का. मी नाही म्हणाले होते. मी पाहून घेतलं. माझं चुकलं होतं, बऱ्याच ठिकाणी जातात." प्रश्न कोणाचा होता ते म्हणू नका, तिच्याकडे बघूही नका. फळ्याकडे वळा आणि १,२०० लिहा.